मदत हवी आहे: न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन, जिंजरब्रेड आणि अंडं न खाणाऱ्या सासूबाई

नमस्कार मंडळी, नाताळच्या सुट्टीत ब्राँक्सच्या न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनला जायचं ठरतंय. सोबत पाच आणि आठ वर्षांची मुलं, शिवाय पुण्याहून आलेल्या सासूबाई. १९९२ पासून चालणारा तिथला ट्रेन शो बघायचाच आहे. साली, काटक्या, बिया वापरून केलेल्या शहराच्या इमारती आणि त्यांमधून धावणाऱ्या छोट्या गाड्या. पण मुलांचा खरा जीव जिंजरब्रेडमध्ये, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या गोड बिस्किटांमध्ये, अडकलाय.

मुलांसाठीचे जिंजरब्रेडचे उपक्रम यंदा आहेत का? वेगळं तिकीट लागतं का? कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा.

दुसरं म्हणजे, घरीही जिंजरब्रेडचं घर करायचंय. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ घरात आहेच, काकवीही मिळाली. अडलंय ते आयसिंगपाशी, म्हणजे साखरेच्या घट्ट लेपापाशी. भिंती चिकटवायला अंड्याचा पांढरा बलक घालतात, आणि सासूबाईंना अंडं अजिबात चालत नाही. छोल्यांच्या डब्यातलं पाणी फेटून, पिठीसाखर घालून करतात म्हणे. त्याने छप्पर टिकतं का, की घसरतं? प्रमाण माहीत असेल तर प्लीज लिहा.

ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ ट्रेनने जाणार आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर आत चालणं किती पडतं?