गणपतीतली तात्पुरती कनेक्शने: लिंकवरचा भार कसा मोजावा?

प्रश्न (गुहागर)
मी गावात केबलवरून इंटरनेट सेवा देतो. वरच्या पुरवठादाराकडून सेकंदाला १ गिगाबिट वेगाची एकच लिंक घेतली आहे. गणपतीला आलेले चाकरमानी घरूनच ऑफिसचे काम करतात, त्यामुळे तेवढ्या दिवसांपुरत्या कनेक्शनांना मागणी असते. एमआरटीजीच्या (लिंकचा वापर नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आलेखात संध्याकाळचा वापर ७० टक्क्यांवर जात नाही, तरीही आरतीनंतर व्हिडिओ कॉल अडखळतात अशा तक्रारी येतात. नवी कनेक्शने कोणत्या आकड्यावर थांबवावीत?

उत्तर (चिपळूण)
तो आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. त्या अवधीत लिंक काही सेकंद काठोकाठ भरून पुन्हा मोकळी झाली, तरी आलेखावर ७० टक्केच उमटतात. कॉल मात्र त्याच सेकंदांत तुटतो. तुमचा काउंटर (लिंकवरून गेलेले बाइट मोजणारा राउटरवरील आकडा) ६४ बिटांचा आहे हे आलेखावरूनच कळते, कारण ३२ बिटांचा काउंटर १ गिगाबिट वेगाला सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो आणि पाच मिनिटांनी एकदा वाचल्यास आलेख साधारण ११५ मेगाबिटच्या वर चढूच शकत नाही. तेव्हा वाचन दहा सेकंदांवर आणा आणि ड्रॉप झालेल्या, म्हणजे जागा नसल्याने टाकून दिलेल्या, पॅकेटांचा काउंटरही सोबत नोंदवा. माझ्या मते निर्णय टक्केवारीपेक्षा त्या ड्रॉपवर घ्यावा.

उत्तर (रत्नागिरी)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण केवळ मोजमापावर विसंबू नये. दुपारी दिलेल्या कनेक्शनचा भार रात्री पडतो, आणि तोवर मोजमापात जागा रिकामी दिसत असल्याने आपण आणखी कनेक्शने देऊन बसतो. सुगिह जामिन, पीटर डान्झिग, स्कॉट शेंकर आणि लिशिया झांग या संशोधकांनी १९९७ च्या शोधनिबंधात मांडलेल्या पद्धतीत यावर उपाय आहे: नवा प्रवाह (आपल्याकडे नवे कनेक्शन) स्वीकारताच त्याने जाहीर केलेला दर मोजलेल्या भारात मिळवायचा आणि मोजमापाची खिडकी, म्हणजे मोजण्याचा कालावधी, नव्याने सुरू करायची. आपल्या कामात ही खिडकी निदान एका पूर्ण संध्याकाळची हवी. मात्र जाहीर दर म्हणून प्लॅनचा पूर्ण वेग धरू नका. १०० मेगाबिटचे प्लॅन असतील तर दहा ग्राहकांतच हिशेब संपेल. त्याऐवजी सध्याच्या जड वापर करणाऱ्या ग्राहकांचा गर्दीच्या वेळचा वापर धरा.

उत्तर (देवगड)
सणाला घरी आलेल्या माणसाला नकार देण्याआधी लिंकवर जाण्यासाठी थांबलेल्या पॅकेटांची रांग सुधारून पाहावी. राउटरवर वेगमर्यादा लिंकच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवली, म्हणजे रांग वरच्या पुरवठादाराकडे न साचता आपल्याच ताब्यात राहते. मग लिनक्सवरील ‘केक’ ही रांग सांभाळणारी प्रणाली लिंकचा वेग ग्राहकागणिक समान वाटून देते आणि एकाच्या डाउनलोडपायी शेजाऱ्याचा कॉल अडत नाही. एवढे करूनही गर्दीच्या वेळी प्रत्येकाच्या वाट्याला कॉलपुरताही वेग उरत नसेल, तर मात्र नवी कनेक्शने थांबवणेच योग्य.