अनुभव धागा: वायरलेस माऊस अचानक संपावर जातो तेव्हा

मुलुंडचा खटपट्या

आमच्या सोसायटीत ई-कचऱ्याचा खोका ठेवलाय. त्यात वायरलेस माऊस हमखास सापडतात. सेक्रेटरींना सांगून मी ते वर घेऊन येतो आणि बरेचसे थोड्या खटपटीने चालू होतात. माऊस बिघडलेला नसतोच. घोळ सेलपाशी असतो, डोंगलपाशी (माऊसचा सिग्नल पकडायला यूएसबी पोर्टमध्ये खोचतो तो छोटा तुकडा) असतो, टेबलापाशी असतो, नाहीतर विंडोजच्या एखाद्या सेटिंगपाशी. पण काम अंगावर असताना एवढा विचार कोण करतो? कर्सर हलेना की दोनदा टेबलावर आपटायचा आणि रात्री नवा मागवायचा.

तर इथे आपापले अनुभव लिहा. नुसतं "रिस्टार्ट केलं, चाललं" नको. लक्षण काय होतं, आधी संशय कोणावर गेला आणि शेवटी निघालं काय, ते सांगा.

माझी पद्धत आधी लिहितो. माऊस आणि डोंगल दोन्ही उचलून दुसऱ्या मशीनला लावायचे. तिथे चालला तर माऊसला सोडा, पहिल्या मशीनची झडती घ्या. तिथेही नाही चालला तर सेल बघा. खालचा दिवा दिसत नाही म्हणून लगेच 'गेला' म्हणू नका. हल्लीच्या बऱ्याच माऊसमध्ये तांबड्याऐवजी इन्फ्रारेड दिवा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलं तर बहुतेक वेळा जांभळट ठिपका दिसतो.

दादरकरीण

छान विषय. आमच्याकडे ऑडिटचं काम चालतं, त्यामुळे माऊसवाचून चालत नाही असं नाही, एक्सेलमध्ये कीबोर्डच जास्त. पण पावसाळ्यात एका टेबलावरचा माऊस बंद पडला. नवा सेल घातला, तरी ढिम्म. झाकण उघडून उजेडात धरला तर स्प्रिंगच्या तळाशी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. जुना अल्कलाईन सेल आतल्या आत गळला होता. त्यातून बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साईड, म्हणजे अल्क. त्यावर उतारा आंबट. इअरबडला व्हिनेगर लावून हळूहळू पुसलं (लिंबूही चालतं), थोडं फसफसलं, मग कोरड्या बडने टिपलं आणि स्प्रिंगचं टोक बारीक पॉलिश पेपरने घासलं. अर्धा दिवस पंख्याखाली ठेवून मग सेल घातला. लागला कामाला.

हातमोजे घाला, ती पूड त्वचेला चांगली नाही. आणि सुट्टीवर जाताना सेल काढून ठेवा. नुसतं खालचं बटण बंद केल्याने गळती थांबत नाही.

रात्रपाळी_अंधेरी

माझा अनुभव लांबलचक आहे, पण इथे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल असं वाटतं.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो. माऊस एरवी लोण्यासारखा चालायचा आणि मधेच असा अडखळायचा की टाइमलाइनवर क्लिप धरताच यायची नाही. सेल बदलले, पॅड बदललं, ड्रायव्हर काढून परत टाकला. फरक शून्य. असिस्टंट मुलगी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "दादा, तुम्ही फूटेज कॉपीला लावलं की मगच होतं हे." बघितलं तर खरंच. कॉपी चालू की माऊस लंगडा, कॉपी संपली की ठणठणीत.

डोंगल आणि बाहेरची एसएसडी (फूटेज साठवायची ड्राइव्ह) शेजारशेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० पोर्टमध्ये होती. यूएसबी ३.० चा डेटा सेकंदाला ५ गिगाबिटने धावतो आणि त्या वेगाचा जो रेडिओ गोंगाट केबलमधून, कनेक्टरमधून बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. माऊसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. त्यातही डोंगल लांब न्या हाच सल्ला आहे. मी यूएसबीची साधी एक्स्टेंशन वायर घेतली आणि डोंगल टेबलावर, माऊसच्या जवळ आणून ठेवला. तेव्हापासून टेराबाईटने कॉपी लावतो, कर्सर हूं की चूं करत नाही. काळा यूएसबी २.० पोर्ट मोकळा असेल तर डोंगल तिकडे लावा, वायरचेही पैसे वाचतील.

पार्लेकर

नवा माऊस चालत नव्हता. सेलच्या टोकाशी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती. ओढली, चालला. इति.

काउंटर_नंबर_तीन

आमच्या शाखेत भूत होतं. परळ भागातली बँक, नाव नको. सोमवारी सकाळी काउंटरवर बसले तर माऊस मेलेला, पण कर्सर मात्र आपोआप फिरतोय! मी हात वर करून बसले, तरी स्क्रीनवर विंडो उघडतेय, मिटतेय. हेडकॅशियर काका दोन खुर्च्या सोडून ओरडत होते, "अहो मॅडम, माझा माऊस बंद आहे, आयटीला फोन लावा." त्यांचा माऊस ते जोरजोरात फिरवत होते आणि तो माझ्या स्क्रीनवर फिरत होता.

शनिवारी साफसफाईसाठी सगळं उपसलं होतं. परत लावताना एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन माऊस टेबलांवर अदलाबदल झाले, डोंगल मात्र आपापल्या सीपीयूच्या मागेच राहिले. आमच्या सिस्टीमवर लोकांच्या पैशांचे व्यवहार असतात, म्हणून हसू आवरल्यावर जरा धसकाच घेतला. आता प्रत्येक माऊसवर आणि त्याच्या डोंगलवर एकाच रंगाच्या नेलपेंटचा ठिपका आहे. आयटीवाल्यांना ही युक्ती आवडलेली नाही, पण दुसरी त्यांनी अजून सांगितलेली नाही.

मुलुंडचा खटपट्या

@काउंटर_नंबर_तीन, नेलपेंट जबरदस्त! आमच्याकडे आजच लावतो.

आजोबा_बोरिवली

मी निवृत्त शिक्षक. नातवाने काचेच्या टीपॉयवर लॅपटॉप मांडून दिला. कर्सर कधी उडी मारी, कधी जागचा हलत नसे. क्लिक मात्र व्यवस्थित होई. "आजोबा, तुमचा हात थरथरतो," असे निदान झाले. मी खाली रद्दीतला पेपर घडी करून ठेवला आणि माऊस सुतासारखा सरळ! माऊसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढून सरकणे मोजतो. नितळ काचेवर त्याला धरण्यासारखी खूणच दिसत नाही. नातवाला हे समजावून सांगितले. हात थरथरतो तो वेगळा विषय.

पवई_सपोर्ट

रोजचं दुखणं सांगतो. "जेवून आलो की माऊस चालत नाही" अशा तक्रारी. त्यात निम्म्या वेळा माऊस नुसता झोपलेला असतो, तो हलवून नाही, क्लिक करून उठवावा लागतो. क्लिकनेही उठला नाही तर संशय विंडोजवर. वीज वाचवायला ते यूएसबी पोर्टच झोपवून टाकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, 'यूएसबी रूट हब' वर प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' समोरची टिक काढा. जितके हब दिसतील तितक्यांची.

माऊसशिवाय तिथपर्यंत कसं जायचं, हा पुढचा प्रश्न ठरलेला. विंडोजची की आणि एक्स, मग एम. पुढे टॅब आणि बाणाच्या कीज. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा पॅड असेल तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, मग एंटर. आकड्यांनी कर्सर चालतो, ५ ने क्लिक होतं. हे पाठ करून ठेवा, फोनवर सांगायला फार कठीण जातं.

लालबागचा_भाडेकरू

वन-रूम-किचनमध्ये वर्क फ्रॉम होम. टेबल ओट्याला लागून, ओट्यावर मायक्रोवेव्ह. बायको डबा गरम करायला लावते आणि माझा कर्सर गचके खातो. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, दारातून किंचित गळती होतेच, हे पुढे कळलं. शिवाय चाळीत वायफाय शोधलं तर यादी संपत नाही, सगळे त्याच पट्ट्यात. घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं, डोंगल सीपीयूच्या मागून पुढे आणला. आता बरं आहे. पोळ्या तव्यावर गरम करायची सूचना मी केली नाही, घरात राहायचंय.

स्पष्टवक्ता

एवढी सगळी उठाठेव कशाला? वायरवाला घ्या. सेल नाही, डोंगल नाही, भूत नाही.

रात्रपाळी_अंधेरी

@स्पष्टवक्ता, वायर घडीपाशी तुटली की तोही असाच अधूनमधून मरतो. तो धागा तुम्ही काढा.

ग्रँटरोडचा_फेरीवाला

(फेरीवाला नाही, फेऱ्या मारतो.) माझ्या माऊसचं दुखणं वेगळं. एका क्लिकला दोन क्लिक व्हायचे. फोल्डर उघडायला गेलो की फाईल उघडायची, सिलेक्ट केलेलं सुटून जायचं. सॉफ्टवेअरमध्ये डबल क्लिकचा वेग कमी-जास्त करून काही होत नाही. बटणाखाली छोटा मायक्रोस्विच असतो, त्यातली पत्ती झिजते किंवा तिच्यावर गंज-मळ चढतो आणि ती एका दाबात दोनदा टेकते. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं असं माझं मत.

लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने खालचे पाय सोलून स्क्रू काढले (स्क्रू पायांखाली लपवलेले असतात, नाहीतर आपण झाकण ओढत बसतो), उजवं बटण दाबून बघितलं आणि म्हणाला, "हे तुम्ही कमी वापरता. हेच डावीकडे टाकतो, उजवीकडे नवं." दोन्ही स्विच डिसोल्डर करून खरंच तसंच केलं. चहा संपायच्या आत काम झालं. महागडा माऊस असेल तरच हा उपद्व्याप करा, स्वस्तातल्याला मजुरीच जास्त होते.

दादरकरीण

एक प्रश्न राहिला. माऊस ठणठणीत, पण डोंगलच हरवला तर? सेलच्या कप्प्यात त्याची खाच असते, तिथे आधी बघितलंय.

पवई_सपोर्ट

माऊसच्या खाली काय छापलंय त्यावर आहे. लॉजिटेकच्या ज्या माऊसवर युनिफायिंगची नारिंगी खूण असते, त्यांना दुसरा युनिफायिंग डोंगल घेऊन त्यांच्या सॉफ्टवेअरने जोडता येतं. एका डोंगलला सहापर्यंत उपकरणं जोडली जातात. २०२१ पासून आलेले बोल्टवाले (लॉजिटेकचाच नवा डोंगल) वेगळे, ते युनिफायिंगशी जुळत नाहीत. ब्लूटूथही असेल तर डोंगलची गरजच नाही, खालचं बटण दाबून ठेवून जोडून घ्या. यातलं काहीच नसेल तर तो डोंगल कारखान्यातच त्या माऊसशी बांधलेला असतो, बाजारात सुटा घेऊन चालणार नाही. तेव्हा आधी जुन्या सीपीयूच्या मागे हात घालून बघा, लॅपटॉप बदललेला असेल तर जुन्याच्या पोर्टमध्येही.