अनुभव धागा: खिशाला परवडलेले तुमचे पहिले ग्रीक नाणे

वाळूचे_घड्याळ:
मुलीच्या पुस्तकात आर्किमिडीजचे तत्त्व आले, तेव्हा मी कपाटातले एक जुने पाकीट काढून तिच्यापुढे ठेवले. त्यात सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरॉन याचे काशाचे नाणे आहे. याची कारकीर्द साधारण इ.स.पू. २७० ते २१५, म्हणजे आर्किमिडीज त्याच्याच नगरात राहत होता. तेव्हा बाजारहाट करताना हे नाणे त्याच्या हातून गेलेच नसेल, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही.

बारा वर्षांपूर्वी जर्मनीत असताना मी ते चाळीस युरोंना घेतले. ग्रीक नाणे म्हणजे घुबडाचे चित्र असलेले अथेन्सचे चांदीचे नाणे आणि ते आपल्या आवाक्याबाहेरचे, अशी तोवर माझी पक्की समजूत होती. झिजलेल्या चांदीमागे धावण्यापेक्षा त्याच पैशात ठसा स्वच्छ उमटलेले काशाचे नाणे घ्यावे, हा सल्ला तिथल्या एका वृद्ध विक्रेत्याने दिला आणि तो मला आजही पटतो. एका बाजूला समुद्रदेव पोसायडनचे मस्तक, दुसरीकडे त्रिशूळ आणि त्याच्या दोन अंगांना डॉल्फिन. खाली ‘हिएरोनोस’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे ‘हिएरॉनचे’. राजाचे नाव षष्ठीत आहे हे कळले, त्या संध्याकाळी मी ग्रीक मुळाक्षरे शिकायला बसलो.

आपापले पहिले नाणे सांगावे.

रानजाई:
त्रिशूळ पाहून सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवले नाही, हे नशीब समजा. आमच्याकडे याहून वाईट घडले. माझ्याकडे सिकंदराचे काशाचे नाणे होते, सिंहाचे कातडे पांघरलेला ग्रीक वीर हेराक्लीझ आणि मागे धनुष्य व गदा असलेले. दिवाळीत तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर आईने तेही चिंच-मीठ लावून लख्ख केले. तेवीस शतकांचा गडद हिरवा थर पाच मिनिटांत गेला आणि आई मात्र कौतुकाची वाट पाहत उभी होती.

दगडफूल:
@रानजाई, वाचून पोटात गोळा आला.

काटा_तोळा:
माझे पहिले नाणे खोटे निघाले. सिकंदराचा चांदीचा द्राख्म म्हणून मी ते एका आठवडी बाजारात घेतले आणि आनंदाच्या भरात सराफाकडे वजन करायला गेलो. असे नाणे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. माझे तीन ग्रॅमच भरले. सराफाने भिंगातून कडेवरची घासून मिटवलेली रेघ आणि पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे दाखवले. खरी ग्रीक नाणी दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून घणाने पाडलेली असतात, त्यामुळे ओतकामाच्या अशा खुणा दिसल्या की तिथेच थांबावे. तेव्हापासून विक्रीच्या यादीत वजन छापलेले नसेल, तर मी नाण्याच्या चित्राकडे पाहतही नाही.

टेम्सकाठचा:
चांदीच हवी असेल, तर यूबीया बेटावरच्या हिस्टियाया नगराची लहान नाणी पाहा. जेमतेम दोन ग्रॅमची, पण मागच्या बाजूला जहाजाच्या मागच्या टोकावर बसलेली अप्सरा दिसते. ही फार मोठ्या संख्येने सापडतात, म्हणून स्वस्त. माझ्या नाण्यावर अप्सरेचे डोके चकतीबाहेर गेले आहे, आणि त्यामुळेच ते मला परवडले.

गोदातीर:
षष्ठीवरून आठवले. मी नाशिकचा. १९०६ साली जवळच्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर राजाच्या मस्तकाभोवती बिघडत गेलेली ग्रीक अक्षरे आहेत आणि मागे ब्राह्मीत ‘रञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे इथेही षष्ठीच. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात मिनँडर आणि अपोलोडोटस या भारतातल्या ग्रीक राजांचे जुने द्राख्म भडोचच्या बाजारात चालत असल्याचा उल्लेख आहे. माझे पहिले नाणे मिनँडरचे, एका बाजूला ग्रीक आणि दुसरीकडे खरोष्ठी लिपी असलेले. ग्रीक नाण्यांचा संग्रह सिसिलीपासूनच सुरू करायला हवा, असे मला वाटत नाही.

दगडफूल:
@गोदातीर, ते परदेशातल्या भावाला भेट म्हणून देता येईल का?

गोदातीर:
नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. भावालाच इकडे बोलवा.

रानजाई:
@वाळूचे_घड्याळ, पाकीट मऊ प्लास्टिकचे असेल तर नाणे आधी बाहेर काढा. पीव्हीसी हळूहळू सुटते आणि धातूला चिकटते. शिवाय पावसाळ्यात काशावर फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली, तर ती बुरशी नसून क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात असतो. असे नाणे वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे.

वाळूचे_घड्याळ:
आत्ताच पाहून आलो. पाकीट मऊच आहे आणि त्रिशुळाच्या डाव्या डॉल्फिनवर हिरवट चिकटा लागला आहे. बारा वर्षांत एकदाही हात फिरवून पाहिले नव्हते. भुकटी मात्र दिसत नाही. तो चिकटा काढायला अ‍ॅसिटोन आणायला निघालो आहे, आणि येईपर्यंत चिंचेला हात लावू नये, असे घरात सांगून ठेवले आहे.