ग्रंथालयाच्या साइटला वेगळा चेहरा हवा, ही 'हौस' नाही

बारकोड
काल इथे एका सदस्यांनी लिहिलं की ग्रंथालयाची साइट म्हणजे विद्यापीठाच्या साइटचं एक पान. लोगो, रंग, फॉन्ट, मांडणी सगळं मुख्य नियमावलीतूनच यावं आणि "ग्रंथपालांनी डिझाइनची हौस घरी भागवावी". हौस हा शब्द डोक्यात गेला, म्हणून हे लांबण.

वाचक कसा फिरतो ते बघा. मुखपृष्ठावरून ओपॅक (म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन यादी), तिथून लॉगिनचं पान, तिथून प्रकाशकाची साइट. चार पानं, चार चेहरे. शेवटी लेख उघडतो तेव्हा आपण ग्रंथालयातून आत आलोय हे त्याच्या गावीही नसतं. कॅम्पसच्या नेटवर्कवर असेल तर लॉगिनही येत नाही, नेटवर्कचा पत्ता (आयपी) ओळखून दार आपोआप उघडतं. एका बैठकीत एक प्राध्यापक म्हणाले, "मला ग्रंथालय लागतच नाही, सगळं नेटवर मिळतं." उदाहरण म्हणून त्यांनी ज्या जर्नलचं नाव घेतलं त्याच्या वर्गणीच्या बिलावर मी त्याच आठवड्यात सही केली होती. बैठकीचा विषय होता ग्रंथालयाचं बजेट.

तेव्हा रंग तुमचेच ठेवा, पण प्रत्येक टप्प्यावर ग्रंथालयाचं नाव आणि खूण दिसू द्या. प्रकाशकांच्या साइटवर बहुतेक वेळा एक लोगो आणि फार तर दोन रंग टाकता येतात. तिथे विद्यापीठाचं बोधचिन्ह टाकलं की दिवा, ग्रंथ, कमळ, खाली बोधवाक्य हे सगळं ३२ पिक्सेलात मावतं आणि शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं.

पिक्सेलवाला
तो सदस्य मीच. हौस शब्द मागे घेत नाही.

मी ज्या वेब टीममध्ये आहे तिथे प्रत्येक विभागाला स्वतःचा लोगो हवाय. आज ग्रंथालयाला दिला तर उद्या वसतिगृह आणि परवा वाहनतळ रांगेत उभे. वाचक हरवतो म्हणता, तर आधी तुमचं मुखपृष्ठ बघा. वर फोटोंचा सरकता पट्टा, त्यात गेल्या वर्षीच्या कार्यशाळेचे गटफोटो. खाली डावीकडून उजवीकडे पळणाऱ्या सूचना. शेजारी लुकलुकणारं लाल 'नवीन', जे मी नोकरीला लागलो तेव्हाही नवीन होतं. हे सगळं उतरून खाली गेलं की शोधखिडकी. लोगो बदलून यातलं काय सुधारणार आहे?

शिरोरेखा
मुखपृष्ठाबद्दल पिक्सेलवालांना +१. पण त्यांच्या नियमावलीचंही कौतुक नको. मी ती वाचली आहे, बहुधा लिहिणाऱ्यानंतर मीच.

बटणाचा रंग नारंगी, त्यावर पांढरी अक्षरं. मोजलं तर कॉन्ट्रास्ट २.१ : १ भरतो. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे जागतिक निकष, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ : १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १. आपण त्यातही नापास.

दुसरं, शीर्षकातल्या अक्षरांत अंतर सोडायचा नियम. रोमन लिपीत ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि 'ग्रंथालय'चे दात पडल्यासारखे दिसतात. तिसरं, बटणाची उंची रोमन अक्षरं धरून बांधलेली. पुस्तक नव्याने घ्यायच्या बटणावर 'मुदत वाढवा' लिहिलंय, त्यातला उकार खालून कापला जातो. महिनाभर लोक 'मदत वाढवा' वाचत होते.

अर्धविराम
शिरोरेखाताई, दिसणं सोडा, आधी पुस्तक सापडू दे. ओपॅकमध्ये 'किनाऱ्यावर' टाकून बघा. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ घेऊन, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. शोधताना दोन्ही एकाच रूपात आणले नाहीत तर निम्मी पुस्तकं गायब. मी असंच एक पुस्तक 'उपलब्ध नाही' म्हणून विकत घेतलं आणि पुढच्या आठवड्यात ते कपाटात उभं दिसलं.

पिक्सेलवाला
विषय ब्रँडिंगचा होता ना?

अर्धविराम
शोधून सापडत नाही हाच तुमच्या ब्रँडचा लौकिक आहे, साहेब. आणि जुन्या फॉन्टमधल्या नोंदी? युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी भरलेली शीर्षकं नव्या प्रणालीत जशीच्या तशी ओतली. आता 'ÉÊ' असली भुतं दिसतात. त्या कुणी तपासल्या? ग्रंथपालांनी?

बारकोड
हो, ग्रंथपालांनीच! त्या नोंदी भरताना आम्ही रात्री जागलोय, तुम्ही तेव्हा कुठे होता माहीत नाही. रूपांतराचं काम ज्या कंत्राटदाराला दिलं त्याने नमुन्यादाखल शंभर नोंदी नीट करून दाखवल्या आणि बाकीच्या आमच्या गळ्यात मारल्या. निस्तरतोय आम्ही, आजही. बसल्या जागेवरून 'कुणी तपासल्या' विचारणं फार सोपं असतं.

अर्धविराम
बरं बरं. रात्री जागून चुकीच्या फॉन्टमध्ये भरल्या, एवढंच.

बारकोड
त्या वेळी बरोबर फॉन्ट कोणता होता ते सांगा, मग बोलू.

शिरोरेखा
दोघंही थांबा. माझा भाऊ स्क्रीन रीडर वापरतो, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा. ग्रंथालयाचं मराठी पान उघडलं की त्याचा संगणक गप्प. कारण पानाच्या कोडमध्ये भाषा 'इंग्रजी' अशी नोंदवलेली, मग इंग्रजी आवाज मराठी मजकुरापुढे काय बोलणार? एक शब्द बदलायचा, 'ईएन'च्या जागी 'एमआर'. डिझाइनवाल्यांसाठी आमिष: तोच शब्द बदलला की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. चार महिने मेल पाठवतेय. उत्तर आलं, "लोगोचा निर्णय झाल्यावर पाहू."

जुना वाचक
मला एवढंच हवं होतं की आज ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं आहे. 'आमच्याविषयी', मग 'सेवा', मग 'नियम', मग एक पीडीएफ. त्यात मागच्या सत्राची वेळ. ग्रंथालयशास्त्राचे पंच नियम मांडणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय, वाचकाचा वेळ वाचवा.

पिक्सेलवाला
रंगनाथन आले, म्हणजे आता कुणी बोलायचं नाही!

ठीक. देवनागरीला अक्षरांतर शून्य, बटणाला ठरीव उंची नाही, नारंगी फक्त पट्ट्यांना. भाषेचा तो शब्द मी आजच बदलतो, त्याला कुणाची सही लागत नाही (हे मला चार महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं, मान्य). बारकोड यांच्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठाच्या चिन्हाशेजारी साध्या अक्षरांत 'ग्रंथालय', आणि जिथे प्रकाशक परवानगी देईल तिथे 'ग्रंथालयाच्या वर्गणीतून उपलब्ध' ही ओळ. वेगळा लोगो मात्र मिळणार नाही. आणि हे सगळं कोहाच्या (ओपॅक ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) टेम्प्लेट फायलींत घुसवू नका, सेटिंगमधल्या ओपॅकयूजरसीएसएसच्या रकान्यात लिहा. मागच्या अपग्रेडला सगळी रंगरंगोटी पुसली गेली आणि शिव्या आम्हाला बसल्या.

बारकोड
ती रंगरंगोटी तुमच्याच टीमने केली होती, पण असो. 'ग्रंथालय' साध्या अक्षरांत चालेल. निदान वाचता तरी येईल, दिवा-कमळापेक्षा बरं.

पिक्सेलवाला
मग बदल्यात पळत्या सूचना काढा. शोधखिडकी वर घ्या, वेळ तिच्या शेजारी.

बारकोड
शोधखिडकी उद्या वर येईल, वेळही. पळत्या सूचना माझ्या हातात नाहीत. त्या संचालकांना आवडतात.

शिरोरेखा
पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय लागतेच, तीही सगळ्यात खालच्या ए पातळीला. डब्ल्यूसीएजीचा नियम क्रमांक २.२.२. छापून टेबलावर ठेवा.

बारकोड
ठेवतो. तुमच्या नावाने ठेवू?

शिरोरेखा
अजिबात नको.