पोरांना खेळू तर द्या
‘कोवळ्या वयात पैसा हातात आला की इंग्लंडची फुटबॉलपटू पोरं वाया जातात’ हे म्हणणं मला अर्धंच पटलं. पैसा मिळतो, पण खरी उपासमार होते ती सामन्यांची. जेडन सांचो 2017 मध्ये, 17व्या वर्षी, मँचेस्टर सिटी हा इंग्लिश क्लब सोडून जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला गेला तो मैदानात उतरायला मिळावं म्हणून. ज्यूड बेलिंगहॅमला बर्मिंगहॅम सिटी या इंग्लिश क्लबने 16व्या वर्षीच पहिल्या संघात घेतलं. पाठीवर 22 नंबर, म्हणजे 4, 8 आणि 10 यांची बेरीज, कारण मधल्या फळीतल्या या तिन्ही नंबरांच्या जागा तो सांभाळेल असा प्रशिक्षकांचा विश्वास! 2020 मध्ये तोही डॉर्टमुंडला गेला. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, मात्र फक्त ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलाला 18 पूर्ण होईपर्यंत ती वाट बंद आहे. याचं फार वाईट वाटतं. निदान खालच्या डिव्हिजनमध्ये लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे तात्पुरतं खेळायला, तरी पाठवा. इंग्लंडचा स्टार स्ट्रायकर हॅरी केनसुद्धा 2011 मध्ये लोनवर लेटन ओरिएंट या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबकडून खेळलाच होता.