मदत हवी आहे: सफरचंदातून रस कमी निघतोय, कापडातून लगदा मात्र बाहेर येतोय

जाळीदार:
सायडरसाठी (सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय) सफरचंदं दाबतोय. लाकडी चौकट, ६ टनी बॉटल जॅक, नायलॉनच्या जाळीची पिशवी, खाली जस्ताच्या पत्र्याचा ट्रे. २० किलो फळं मिक्सरमधून गुळगुळीत काढून एकाच पिशवीत भरली, तर रस जेमतेम ७ लिटर. जॅक जोरात मारला की पिशवीच्या घडीतून लगदा उडतो. चोथा मुठीत दाबला तर अजून रस गळतो. फळं खायचीच, गोड, जरा पिठूळ झालेली. १० टनी जॅक घेऊ का?

आंबटढाण:
जॅक राहू द्या, लगदा बदला. रसाला बाहेर पडायला तुकड्यांमधून वाटा लागतात. गुळगुळीत लगद्यात त्या उरतच नाहीत, जाळीची भोकं बुजतात आणि जोर वाढला की रसाऐवजी लगदाच घडीतून निसटतो. तुकडे ३ ते ५ मिलिमीटरचे हवेत. मूठभर लगदा आवळून बघा: बोटांच्या फटींतून रस यावा, लगदा हातातच राहावा. लगदाही बाहेर आला तर तो फार बारीक झालाय.

मिक्सरच वापरायचा असेल तर फोडी आणि थोडा रस घालून भांडं एक तृतीयांश भरा, एकेका सेकंदाचे चार-पाच झटके द्या, बस. सलग फिरवायचा नाही. फ्रीजरमध्ये जागा असेल तर त्याहून सोपं: अख्खी फळं दगडासारखी गोठू द्या, मग पूर्ण वितळू द्या. बर्फाने पेशी फुटतात, मग नुसते चार तुकडे करून दाबली तरी चालतात.

थरावरथर:
दुसरी चूक एकच पिशवी. मधल्या लगद्यातला रस कडेपर्यंत पोचणार कसा? २० किलोचे चार-पाच थर करा, प्रत्येक ५ ते ७ सेंटिमीटर जाड. कापड चौकोनी पसरा, मध्ये लगदा सारखा करा, चारही कोपरे पाकिटासारखे आत दुमडा. दोन थरांमध्ये पट्ट्यांची जाळीदार फळी. थर एकावर एक सरळ रचा. जरा तिरका झाला तर दाब आल्यावर अख्खी चळत एका बाजूला घसरते आणि कापड फाटतं.

जॅकचं गणित करा. ३० × ३० सेंटिमीटरच्या फळीवर ६ टन म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलोच्या वर. भरपूर झाला. १० टनाने आधी चौकट वाकेल.

आणि घाई नको. आधी रस आपसूक वाहू द्या. मग जॅकचे एक-दोन झटके, धार थेंबांवर आली की पुन्हा एक-दोन. पूर्ण दाबायला अर्धा-पाऊण तास लागतोच. असं केलं तर २० किलोत ११ ते १३ लिटर निघायला हवा.

जाळीदार:
समजलं. पण पिठूळ फळांचं काय करू?

आंबटढाण:
पिठूळ फळात पेशी फुटत नाहीत, एकमेकींपासून सुट्या होतात. म्हणून रस आतच राहतो आणि लगदा चिकट होतो. पेक्टिनेझ (फळातलं चिकट पेक्टिन तोडणारं एन्झाइम) पाकिटावरच्या मात्रेत लगद्यात ढवळा, साधारण २० अंशांना झाकून रात्रभर ठेवा. थंडीत ते फार सावकाश काम करतं. शिवाय धुऊन उकळलेलं भाताचं तूस मिसळा, वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे २० किलोला २०० ते ४०० ग्रॅम. त्याने वाटा मोकळ्या राहतात. पुढच्या वेळी अंगठ्याने दाबल्यावर किंचित खळगा पडेल इतपतच पिकू द्या.

लोखंडद्वेष्टा:
ट्रेबद्दल कुणीच बोललं नाही! जस्ताचा पत्रा काढून टाका. सफरचंदाच्या आम्लात जस्त विरघळतं. लोखंडी स्क्रू, नट रसात बुडले तर फळातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) संयोग होऊन रस काळपट पडतो, चवही धातूची लागते. स्टेनलेस स्टील किंवा अन्नासाठीचं प्लास्टिक, बाकी काही नाही. बुरशी लागलेली किंवा सडकी फळं बाजूला काढा, त्यांत पॅट्युलिन हे विष असू शकतं आणि ते गाळून जात नाही. नुसता मार लागून तपकिरी झालेली चालतात.

जाळीदार:
रस निघाल्यावर लगेच यीस्ट घालायचं ना?

थरावरथर:
नाही. आधी हायड्रोमीटरने घनता (त्यावरून साखर कळते) आणि पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजा; पीएच जितका कमी तितका रस आंबट. १.०४५ ते १.०५५ घनता आली तर सायडर ६ ते ७ टक्के अल्कोहोलच्या आसपास जाईल. गोड खायच्या सफरचंदांचा पीएच बऱ्याचदा ३.८च्या वर असतो. मॅलिक आम्ल (सफरचंदातलंच आम्ल) थोडं थोडं घालून ३.५वर आणा. मग १० लिटरला साधारण २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाईट (नको ते जंतू रोखायला), आणि यीस्ट २४ तासांनंतर. तोवर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, हवा आत न येऊ देणारं झाकण) नको, भांड्यावर नुसतं स्वच्छ कापड झाका.

आंबटढाण:
चोथा टाकू नका, पण त्याचा रस पहिल्यात मिसळूही नका. चोथा हाताने मोकळा करा, वजनाच्या दहावा हिस्सा पाणी शिंपडा, तासभर ठेवून पुन्हा दाबा. घनता पडते, म्हणून त्याचं वेगळं, हलकं सायडर लावा.