मदत हवी आहे: जर्मनीचं ब्लू कार्ड (कुशल परदेशी लोकांना तिथे राहून काम करण्याचा परवाना), पदवीवर की अनुभवावर?

अनाबिनवर (परदेशी पदव्यांची जर्मन सरकारी ऑनलाइन यादी) माझं विद्यापीठ 'एच प्लस' म्हणजे मान्यताप्राप्त दिसतंय, पण पदव्यांच्या यादीत ३ वर्षांची बीसीएस नाही. मग नुसती विद्यापीठाची प्रिंट पुरत नाही, 'झाब'चं (परदेशी पदव्या तपासणारं जर्मन सरकारी कार्यालय) तुलना-प्रमाणपत्र लागतं. फी २०८ युरो.

दुसरी वाट अनुभवाची. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळतं, मात्र गेल्या ७ वर्षांत पदवीच्या तोडीचा ३ वर्षांचा अनुभव हवा. पगाराची किमान अट २०२५ साली वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. ती दर जानेवारीत बदलते, ऑफर लेटर त्याप्रमाणे तपासावं.

खरी अडचण अनुभवपत्राची. आपल्याकडे त्यात हुद्दा आणि तारखा एवढंच लिहितात, कामाचं स्वरूप नसतं, आणि पातळी ठरते ती त्यावरूनच. मुंबईतून अनुभवावर अर्ज केलेल्यांनी कृपया सांगा: कामाचं वर्णन लेटरहेडवरच मागितलं, की जुन्या मॅनेजरच्या सहीचं पत्र चाललं?